दहावी जोडी

माणसे मोजू नयेत, हा नियम मझलआत्या कटाक्षाने पाळत. दाविद राजाने प्रजेची शिरगणती केली आणि देशात साथ आली, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. या कार्यकारणभावाचा पुरावा त्यांची भाची लिया हिने एकदा मागितला, तेव्हा "साथ आली की देते" असे उत्तर तिला मिळाले होते. म्हणून आत्या माणसांऐवजी चपला मोजत.

दरफाळणीला, म्हणजे दार लावून घेऊन उपास करण्याच्या ज्यू सणाला, पायात चामडे चालत नाही, आणि दिवसभर गार फरशीवर उभे राहायचे असते. त्यासाठी आत्या दर वर्षी पिंपरी कॅम्पातून रबरी चपला आणीत आणि संत तुकाराम नगरातल्या आपल्या तळमजल्याच्या व्हरांड्यात मापांनुसार मांडून ठेवीत. बुधवारी, एक ऑक्टोबरच्या दुपारी दोन वाजता, तिथे दहा जोड्या मांडलेल्या होत्या. त्यांपैकी नऊ जोड्यांचे धनी सूर्यास्तापूर्वी येणार, हे नक्की होते. दहावी जोडी नऊ नंबरची होती आणि तिचा धनी, आत्यांचा सर्वांत धाकटा भाऊ रूबेन, नऊ वर्षांत या व्हरांड्यात फिरकला नव्हता.

दहा प्रौढ पुरुष नसतील तर सामुदायिक प्रार्थना होत नाही आणि तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडता येत नाही. पुरुषांच्या भाविकतेची, शिक्षणाची किंवा स्वभावाची कोणतीही चाचणी नाही. अट फक्त संख्येची. या दहांत मझलआत्यांची गणती नव्हती. दहांची गणती मात्र त्याच करीत. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या पुढच्या खोलीत प्रार्थना सुरू झाल्या, तेव्हा बावीस पुरुष येत. मग एकेक कुटुंब इस्रायलात, आशदोदला, दिमोनाला, लोदला गेले, आणि सायरन वाजल्यावर जिन्यात बसल्या बसल्या आत्यांना फोनवरून लोणच्याच्या मिठाचे प्रमाण विचारू लागले. मार्चमधल्या पुरीमच्या सणानंतर आत्यांचे यजमान शेलोमो वारले. ते इथले मुक्कादम होते, म्हणजे मंडळीचे प्रमुख, आणि दहावेही होते. गेल्या आठवड्यात, नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू वर्षारंभी, नऊच जमले. ज्या सिनेगॉगने गुंडाळी वापरायला दिली होती, तिथून अत्यंत नम्र निरोप आला: दरफाळणीलाही दहा जमले नाहीत, तर गुंडाळी परत पाठवावी; ती कपाटात ठेवण्यासाठी दिलेली नाही.

त्या कपाटाची किल्ली आत्यांच्या कमरेला होती. "नवा मुक्कादम दहाव्या माणसासमोर ठरेल," असे त्यांनी जाहीर केले होते. आणि मुक्कादम व्हायला उत्सुक असलेला एकमेव माणूस, त्यांचा धाकटा भाऊ एलियास, हाच दहावा माणूस न येण्याचे कारण होता.

"ताई, मी तयार आहे," एलियास व्हरांड्यातूनच म्हणाला. त्याने पांढरा सदरा घातला होता आणि काखेत निळी फाइल होती.

चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात त्याची चौतीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतरही तो कपात ओतलेला चहा आधी प्रकाशात धरून पाही.

"कशाला तयार?"

"तिसऱ्या क्षमायाचनेला. नियम तुला माहीत आहे. माणसाशी केलेला अपराध देव माफ करत नाही. माफी त्या माणसाकडेच मागायची. तीन वेळा मागायची, तीन साक्षीदारांसमोर. तिन्ही वेळा नकार आला, तर मागणारा सुटतो आणि दोष नकार देणाऱ्याकडे जातो. दोन नकार माझ्याकडे नोंदलेले आहेत. एक लग्नाच्या मांडवात, एक बंद दारातून."

"म्हणजे तू माफी मागायला चालला आहेस की नकार आणायला?"

"दोन्हींपैकी काहीही निघालं तरी प्रकरण बंद होतं."

"आणि माझा दहावा माणूस?"

या प्रश्नाचा एलियासने विचार केलेला नव्हता. त्याने फाइल उघडली. कंपनीत ग्राहकाची तक्रार आली की आठ पायऱ्यांचा अहवाल लिहीत. त्याच नमुन्यावर त्याने क्षमायाचना लिहिली होती.

"वाच," आत्या म्हणाल्या. "चष्मा आत आहे माझा."

"'विषय: चौदा जुलै दोन हजार सोळा रोजी चार हजार दोनशे ब्रॅकेट नाकारल्यामुळे निर्माण झालेल्या कौटुंबिक अप्रसन्नतेबाबत. आवृत्ती तीन.'"

"आवृत्ती?"

"आधीच्या दोनांत त्रुटी होत्या. 'मूळ कारण: पुरवठादार श्री. रूबेन झिराडकर यांच्या मालातील भोकाचा व्यास कमाल मर्यादेपेक्षा अधिक असणे.'"

"एलियास, ही माफी आहे की नोटीस?"

"पुढे खेद आहे. पाचव्या पायरीवर."

"तोवर तो तुला चौथ्या पायरीवरून ढकलून देईल," आत्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या, कारण तिथून काहीतरी कुटण्याचा आवाज अचानक थांबला होता.

स्वयंपाकघरात एलियासची बायको फ्लोरा चिकाच्या हलव्यासाठी वेलदोडे कुटत होती आणि तिची मुलगी लिया तिच्या हातातली पोलादी कांडी काढून घेत होती.

लिया भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत मोजण्याची साधने मोजण्याचे काम करी. देवावर तिचा विश्वास नव्हता. कोणत्याही मापनात काही अनिश्चितता असतेच, यावर मात्र होता, आणि या विश्वासाने तिला आजवर कधी खाली पाहायला लावले नव्हते. गेल्या आठवड्यात नव्या मुलांना सरावासाठी काहीतरी हवे होते, म्हणून तिने आईच्या खलातली ही कांडी नेली. ती एकेकाळी बाबांचे प्लग गेज, म्हणजे भोकाचे माप तपासायचे साधन, होती. तिच्या एका टोकावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर लाल. हिरवे टोक भोकात गेले पाहिजे. लाल टोक जाता कामा नये. लाल गेले, तर भोक मोठे आहे आणि माल नापास. एलियास निवृत्त झाला तेव्हा बाद केलेल्या साधनांच्या पेटीतून त्याने ती आठवण म्हणून घरी आणली होती.

"आठ दिवस शोधत होते मी, आज तुझ्या पर्समध्ये मिळाली," फ्लोरा म्हणाली. "बत्त्याने इतके बारीक होत नाहीत वेलदोडे."

"मम्मी, तू कोणत्या टोकाने कुटतेस?"

"लाल. ते जरा जाड आहे."

लियाने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. तो तिने आठ दिवस कुणालाही दाखवला नव्हता. नेमक्या त्याच वेळी आत्या आणि त्यांच्या मागून एलियास आत आले, आणि एलियासला प्रमाणपत्राचा कागद लांबूनही ओळखू येत असे.

"कशाचं आहे?"

"बाबा, बसा आधी."

तो बसला नाही. त्याने कागद घेतला आणि सवयीने प्रथम सही पाहिली, मग तारीख, मग आकडा. लाल टोकाचा व्यास दहा पूर्णांक दहा शतांश मिलिमीटर असायला हवा होता. तो दहा पूर्णांक सात शतांश होता.

"तीन शतांश कमी," लिया म्हणाली. "म्हणजे हे टोक चांगल्या भोकांतही जाईल. चांगला माल नापास होईल."

"काकांचा माल?" फ्लोराने विचारले.

"तेव्हाच झिजलेलं असेल तर. पण तू सहा वर्षं दगडी खलात आपटते आहेस. नंतरही झिजलं असेल. आज केलेल्या मापावरून नऊ वर्षांपूर्वीचं सांगता येत नाही."

"शक्यता किती?" एलियासने विचारले.

"अर्धीअर्धी म्हणायला मला आवडलं असतं, बाबा. पण ते 'माहीत नाही' असं म्हणण्यासारखंच आहे."

एलियासने गेज हातात घेतले. त्याच्या मुठीवर एक कागदी चिकटपट्टी असे. तिचा चिकटा अजून बोटाला लागत होता. त्या चिकटपट्टीवर पुढच्या तपासणीची तारीख होती, तीन जुलै. माल आला चौदा जुलैला. ती तारीख उलटून अकरा दिवस झाल्याचे त्याला त्या सकाळी दिसले होते. दुसरे गेज आणायला वरच्या मजल्यावर जावे लागले असते आणि त्या दिवशी त्याचा गुडघा दुखत होता. हे त्याने कोणत्याही आवृत्तीत लिहिले नव्हते. आता, वेलदोड्यांच्या वासात उभे राहून, त्याने ते तीन बायकांसमोर सांगितले.

फ्लोराने खल बाजूला सरकवला.

"म्हणजे तू चुकलास?" आत्यांनी विचारले.

"कदाचित."

"'कदाचित'ची माफी कशी मागतात?"

"नमुन्यात तसा रकाना नाही," एलियास म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो खरोखरच रकाना आठवून पाहत होता.

"पावणेचार झाले," आत्या म्हणाल्या. "सहा वीसला सूर्य जातो. त्याच्या आत जेवण झालं पाहिजे, आणि माणूस आला पाहिजे. लिया, तू गाडी काढ. आणि एलियास, ती फाइल इथे ठेव."

त्याने फाइल बरोबर नेली. गेजही नेले.

चिखलीतल्या रूबेनच्या कारखान्यात त्या दिवशी उत्पादन शून्य होते, कारण खंडेनवमी होती. पॉवर प्रेसला झेंडूची माळ होती, पंचांवर, म्हणजे भोके पाडायच्या ठशांवर, हळदकुंकू होते, आणि रूबेन जमिनीवर आखलेल्या पिवळ्या सुरक्षारेषेच्या बाहेर, डोक्यावर टोपी घालून उभा होता.

ही जागा त्याने वीस वर्षांच्या विचाराअंती ठरवली होती. यंत्रापुढे हात जोडायचे नाहीत. पण यंत्राला तेल पाजायला कोणत्याही धर्मग्रंथाची हरकत नाही. त्याचे पणजोबा अलिबागजवळच्या झिराडला घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून पूजा कामगारांची, तेल मालकाचे, आणि पेढे सगळ्यांचे.

"शेठ, नारळ तरी फोडा की," प्रेसवरचा भैरू म्हणाला. तो त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होता आणि दर वर्षी हेच म्हणे. "येळ टळतीया."

"तू फोड. माझा हात दुखतो."

"औंदाबी?"

"यंदाही."

शेजारच्या गॅरेजमधून बरकत आला. पेढा तोंडात असल्यामुळे त्याला बातमी सांगायला थोडा वेळ लागला.

"रूबेनभाई, तुमचे बडे भाई आलेत. फाइल आहे हातात."

"सांग, मी नाही."

"सांगितलं मी. पण शटर उघडं आहे, अन् तुम्ही पिवळ्या रेषेला चिकटून उभे दिसताय."

रूबेनने मागच्या दाराचा विचार केला. तीन वेळांचा नियम त्यालाही ठाऊक होता. दोन नकार त्याने दिले होते आणि दोन्ही वेळा त्याला रात्रभर झोप लागली नव्हती. तिसरा दिला, की दादा सुटणार आणि दोष आपल्या माथी येणार. होकार दिला, तर त्याहून वाईट होते. का वाईट होते, हे जगात त्याला एकट्यालाच माहीत होते. म्हणून त्याने यंदा काहीच न देण्याचे ठरवले होते. साडेपाचला पुण्याच्या सिनेगॉगला निघायचे आणि अनोळखी माणसांत उभे राहून सगळे देवाला सांगायचे. देव निदान ते फाइलला लावीत नाही.

"काका," लिया आत येऊन म्हणाली.

तिच्यावर त्याचा राग नव्हता. तो मागच्या दारापर्यंत पोचला नाही.

एलियास उंबऱ्यात थांबला. नऊ वर्षांत त्याचे केस गेले होते. रूबेनचे पोट आले होते. दोघांनी एकमेकांची ही पाहणी केली आणि नजरा यंत्राकडे वळवल्या.

"साक्षीदार लागतील," एलियास म्हणाला. "तीन. लिया आहे."

"मी आहे," बरकत म्हणाला. "चालतो का मी?"

"ग्रंथात विशेष अट आठवत नाही."

"आन् मी," भैरू म्हणाला. "सही करायची का आंगठा?"

"फक्त ऐकायचं."

"मग सोपं हाय."

"झिराडकर साहेब," रूबेन म्हणाला. सख्ख्या भावाला आडनावाने हाक मारण्यात जो अपमान असतो, तो त्याने पुरेपूर उच्चारला. "सणाच्या दिवशी माझ्याकडे वेळ नाही. मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. नोंद करा."

एलियासने फाइल उघडली. 'मूळ कारण' या शब्दांवर त्याची नजर थांबली. मग त्याने फाइल बंद करून प्रेसच्या टेबलावर, नारळाशेजारी ठेवली, आणि खिशातून गेज काढले.

"हे ते गेज. तपासणीची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. मला दिसलं होतं. तरी वापरलं. लाल टोक तीन शतांश झिजलेलं निघालं. तेव्हा झिजलं होतं की फ्लोराच्या वेलदोड्यांनी झिजलं, हे लिया सांगू शकत नाही. तुझा माल चांगला असू शकेल, रूबेन. मी तुझा चांगला माल नाकारला असेन."

रूबेन खुर्चीवर बसला. त्याच्या अपेक्षेप्रमाणे काहीच घडत नव्हते. नऊ वर्षे तो एका गर्विष्ठ माणसावर रागावला होता आणि तो माणूस आज आलाच नव्हता.

"पाणी आणू का, शेठ?"

"नको." त्याने टेबलाचा सर्वांत खालचा खण ओढला. तो गंजल्यामुळे दोनदा ओढावा लागला. आतून त्याने एक ब्रॅकेट काढले आणि गेजच्या शेजारी ठेवले. "दहा पूर्णांक चौदा," तो म्हणाला.

"काय?"

"भोक. माल परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्वतः मोजलं. व्हर्निअरने. पाच वेळा. प्रत्येक वेळी चौदा. चुकीचा पंच बसवला होता. चार हजार दोनशे नग, सगळे मोठे. माल खराबच होता, आणि मला माहीत होतं."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं आणि दोन महिने."

इथे कोणत्याही समंजस कुटुंबात समेट झाला असता. झिराडकर बंधू भांडू लागले.

"तरी चूक माझीच," एलियास म्हणाला. "बाद गेज वापरणं हा स्वतंत्र अपराध आहे."

"कसली तुझी चूक! माल माझा खराब!"

"ते मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी नाणं उडवून निर्णय दिला."

"पण बरोबर दिलास ना!"

"बरोबर येण्याला अर्थ नाही. पद्धतीला अर्थ आहे!"

"तू कायम असाच! आता माझी चूकसुद्धा मला घेऊ देत नाहीस!"

"आमच्याकडे भाऊ भाऊ दुसऱ्याची चूक दाखवून भांडतात," बरकत लियाला हळूच म्हणाला. "हे पहिल्यांदा पाहतोय."

लिया ब्रॅकेट पाहत होती. भोकाच्या कडेला गंजाचा जाड थर होता. आता ते मोजता येणार नव्हते. गंज खरवडला, तर मापही त्याच्याबरोबर गेले असते. पण मोजायची गरज तिला वाटली नाही, आणि याचे तिला स्वतःलाच आश्चर्य वाटले.

"थांबा दोघं," ती म्हणाली. "काका सांगतात ते खरं धरलं, तर कोणत्याही गेजने तो माल नापासच झाला असता. निर्णय बरोबर होता. काका, तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. मग नऊ वर्षं राग कशाचा होता?"

शंका विचारावी तशा कोरड्या स्वरात तिने हे विचारले. भैरूने हातात घेतलेला नारळ पुन्हा टेबलावर ठेवला.

रूबेनने उत्तर शोधायला वेळ घेतला नाही. उत्तर इतकी वर्षे जिभेवरच होते.

"टेम्पो परत आला," तो म्हणाला. "संध्याकाळी. सगळ्या पेट्यांवर लाल पट्ट्या. मला वाटलं पत्ता चुकला. ड्रायव्हर हसून म्हणाला, 'सही ओळखली का? तुमच्याच भावाची आहे.' सगळे कामगार उभे होते. भैरू होता."

"व्हतो," भैरू म्हणाला.

"एक फोन करायचास. 'रूबेन, तुझा माल नापास केलाय, टेम्पो येतोय.' एवढंच. मी घरी तरी गेलो असतो."

"नातेवाईक पुरवठादार असेल तर तपासणीच्या काळात संपर्क करायचा नाही, असा नियम होता."

"सही झाल्यावरसुद्धा?"

एलियास खोटे बोलू शकला असता. नियम जुना होता आणि कंपनीचा तो विभागही आता राहिला नव्हता.

"सही झाल्यावर नव्हता," तो म्हणाला. "सही झाल्यावर मी फोन हातात घेतला होता. मग ठेवला. तू ओरडशील, याची भीती वाटली."

बाहेरच्या रस्त्यावरून झेंडूने भरलेला टेम्पो गेला. बरकतने उरलेला पेढा गिळला.

"कर मग आता," रूबेन म्हणाला.

"काय?"

"फोन. पाच वीस झालेत. सूर्य गेल्यावर फोनला हात लावता येणार नाही. उद्या तर नाहीच. करायचा तर आत्ता."

एलियासने खिशातून फोन काढला. त्याला नंबर पाठ होता. तो कानाला लावून उभा राहिला. रूबेनच्या खिशात काहीही वाजले नाही.

"व्यस्त सांगतोय."

"मी ब्लॉक केलाय," रूबेन म्हणाला, आणि हे वाक्य त्याला वाटले होते त्यापेक्षा लाजिरवाणे निघाले. "माझ्या पोराने, गावरिएलने, करून दिलं होतं, आशदोदला जाण्याआधी. काढायचं कसं, ते मला येत नाही."

"द्या इकडे," बरकत म्हणाला. त्याने फोनवर बोट फिरवले आणि थांबला. "नाव काय टाकलंय तुम्ही भावाचं? वाचू का मोठ्याने?"

"वाचलंस तर तुझ्या गॅरेजची वीज माझ्या मीटरवरून आहे, हे लक्षात ठेव."

"नाही वाचत. झालं. आता लावा, बडे भाई."

फोन वाजला. रूबेन उठला, प्रेसच्या पलीकडे गेला, आणि झेंडूच्या माळेआड पाठ करून उभा राहिला. दोघांत पाच पावलांचे अंतर होते. प्रत्येक वाक्य साक्षीदारांना दोनदा ऐकू येत होते, एकदा हवेतून आणि एकदा, किंचित उशिराने, फोनमधून.

"हॅलो."

"रूबेन, मी बोलतोय."

"हां दादा, बोल."

एलियासने फोन दुसऱ्या कानाला लावला. लियाने जमिनीकडे पाहिले.

"तुझे ब्रॅकेट आले होते. चार हजार दोनशे. मी नापास केलेत. टेम्पो परत येतोय."

"भोकं मोठी असतील," प्रेसमागचा आवाज म्हणाला. "पंच चुकला असेल माझा. बघतो मी. किती वाजता पोचेल टेम्पो?"

"संध्याकाळी."

"बरं. मी पोरांना लवकर घरी सोडतो."

"तू ओरडत नाहीस."

"लोक आहेत समोर." क्षणभर फक्त खरखर ऐकू आली. "दादा, गुडघा कसा आहे?"

"दुखतो. माफ कर मला, रूबेन."

"केलं. तू पण कर. मी बोललो नाही इतकी वर्षं."

"केलं. साक्षीदार तीन आहेत."

"माहीत आहे. ठेव आता, नाहीतर सूर्य जाईल."

एलियासने फोन ठेवला आणि टेबलावरची फाइल उचलायला हात पुढे केला. तिच्यावर नारळाचे पाणी सांडले होते. मोकळ्या हातांचे काय करावे हे न कळून भैरूने नारळ मघाशीच फोडला होता.

"ऱ्हाऊ द्या ती," भैरू म्हणाला. "पेढं ठेवायला हुईल."

स्पाइन रोडवर दसऱ्याच्या खरेदीची गर्दी होती. ते तिघे पोचले तेव्हा सहा वाजून नऊ मिनिटे झाली होती. मझलआत्या पांढऱ्या साडीत व्हरांड्यात उभ्या होत्या. गाडीतून उतरलेल्यांना त्यांनी मोजले नाही. आत जाऊन त्यांनी पानांवर पुऱ्या आणि हलवा वाढला.

"नऊ मिनिटं आहेत. बोलायचं नाही, चावायचं."

"ताई," रूबेन भरल्या तोंडाने म्हणाला.

"बोलायचं नाही म्हटलं. तुझं वजन वाढलंय. हलवा घे."

हात धुताना एलियासच्या लक्षात आले, की आत्या कमरेची किल्ली सोडत आहेत. आता दहावा माणूस समोर होता. ही किल्ली त्याला मार्चपासून हवी होती. स्वतःच्या नावाआधी 'मुक्कादम' कसे दिसेल, हे त्याने एका कागदावर लिहूनही पाहिले होते.

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला.

"का?"

"प्रमुखाने वेळेवर फोन करावा लागतो. मला नऊ वर्षं लागली."

आत्यांनी रूबेनकडे पाहिले. त्याने दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे बघू नकोस. मी ब्लॉक करतो."

"पण बाईला मुक्कादम कोण म्हणेल?"

"नाही म्हटलं तरी चालेल," एलियास म्हणाला. "चपला कोण मांडतं, ते सगळ्यांना माहीत आहे."

आत्यांनी किल्ली पुन्हा कमरेला खोचली. ती मुळात पूर्ण सोडलेलीच नव्हती, हे फक्त फ्लोराला दिसले.

व्हरांड्यात अडचण निघाली. रूबेनने कारखान्यातले जाड बूट काढले आणि नऊ नंबरच्या चपलेत पाय घालून पाहिला. तो अर्धा बाहेर राहिला.

"आता दहा लागतो. संध्याकाळी पाय सुजतात."

"मग माझी घाल," एलियास म्हणाला. "ती दहाची आहे."

"आणि तू?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

त्याने नऊ नंबरच्या चपलेत पाय कोंबले. टाच मागे लोंबत होती. पंचवीस तास तो उभा राहणार होता, दुखत्या गुडघ्यावर, एका मापाने लहान चपलेत, आणि याची नोंद तो कुठेही करणार नव्हता. दोघे आत गेले, थोरला पुढे, किंचित लंगडत.

पुढच्या खोलीत कुणीतरी प्रार्थनेचा पहिला स्वर लावून पाहिला. आत्या खाली वाकल्या. व्हरांड्यात आता एकही चप्पल उरली नव्हती. शून्य मोजायला कोणत्याही राजाचे उदाहरण आड येत नव्हते. त्यांनी ते सावकाश मोजले आणि मग आतून दार लावून घेतले.